खर्जाची जागा

रॉक संगीतांतील खर्जाच्या तोलाविषयीं बोलावयास एका निवृत्त शाळामास्तरास पुढें केलेलें पाहून आपणांपैकीं कित्येकांस हसूं आलें असेल. मलाहि तें आलें होतें. मी सोयगावचा राहणारा. अजिंठ्याचीं लेणीं ज्या तालुक्यांत मोडतात त्या तालुक्याचें हें गांव. लेणीं पाहावयास येणारे प्रवासी फर्दापुरावरूनच परत फिरतात, आमच्याकडे सहसा वळत नाहींत. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें आणि हयात मुलांस पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत गेली. संगीतांत माझा अधिकार विचाराल तर एवढाच, कीं गेलीं चाळीस वर्षें एकादशीच्या भजनास मी पखवाजावर बसत आलों आहें. रॉक म्हणजे केस वाढविलेल्या मुलांनीं घातलेला गोंधळ, अशी माझी परवांपरवांपर्यंत समजूत होती. ती अगदींच गेली आहे असें नाहीं. पण त्या गोंधळाच्या तळाशीं काय चाललेलें असतें तें गेल्या दिवाळींत मला जवळून पाहावयास मिळालें, आणि त्यांत माझा स्वतःचा डावा हात गुंतलेला असल्यामुळें तें मला विसरतां येत नाहीं.

माझ्या मुलीचा मुलगा छत्रपती संभाजीनगरास इंजिनियरिंग शिकतो. शिकतो असें आपलें म्हणावयाचें. त्याचा जीव चार मित्रांनीं मिळून काढलेल्या वाद्यवृंदांत आहे. एक जण गातो आणि गिटार वाजवितो, दुसरा नुसती गिटार वाजवितो, तिसरा ड्रम बडवितो, आणि आमचे चिरंजीव बेसगिटार, म्हणजे चार जाड तारांची, खालच्या स्वरांत बोलणारी गिटार, गळ्यांत अडकवितात. त्यांनीं एक मराठी गाणें रचलें होतें आणि त्यांत त्यांस पखवाज हवा होता. "आबा, तुमचाच हात पाहिजे," असें त्यानें टेलिफोनवर सांगितलें तेव्हां मला मनांतून फार बरें वाटलें, हें कबूल करतों. अलीकडे माझ्या डाव्या हातास किंचित् कंप सुटतो. भजनांत तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, पण माझ्या येतो. हात चालतो आहे तोंवर त्याचा आवाज कोठें तरी टिकून राहावा, अशी इच्छा होती.

दिवाळीच्या सुटींत तो लॅपटॉप, दोन मायक्रोफोन आणि दोन लहान लाउडस्पीकर घेऊन आला. इतर वाद्यें त्यांनीं शहरांतच, प्रत्येकाचें निराळें, टिपून आणलीं होतीं. हें 'निराळें टिपणें' आपण समजून घेतलें पाहिजे. भजनांत आम्ही सारे एकदम बसतों. टाळकरी कोठें, पेटी कोठें, पखवाज कोठें, हें मंडळींतला जाणता माणूस ठरवितो, आणि कोणी फार जोर केला तर नुसत्या डोळ्यांनीं दाबतो. या मुलांच्या पद्धतींत प्रत्येक वाद्य जणूं वेगळ्या खोलींत बसवून लिहून घेतात आणि मग तें सारें एकावर एक ठेवून कोणास किती वर आणावयाचें, कोणास किती मागें सारावयाचें, तें नंतर स्वस्थपणें ठरवितात. याला ते मिक्सिंग म्हणतात. म्हणजे भजनी मंडळाची बैठक भजन संपल्यावर मांडावयाची! ऐकणारास ती आधीं मांडली होती असें वाटलें पाहिजे, यांतच सारें कसब.

पहिल्या दिवशीं त्यानें माझा पखवाज टिपला, सगळें एकत्र लाविलें, आणि आम्हीं ऐकलें. काय सांगूं! गोधडींत गुंडाळून धोपटावें तसा आवाज. गाणाराचे शब्द तोंडांत पुरण भरल्यासारखे. प्रत्येक वाद्य एकटें ऐकलें तर स्वच्छ, गोड. आणि एकत्र आलीं कीं सारा चिखल. मी म्हणालों, "अरे, शब्द वाढव." त्यानें वाढविले. शब्द मोठे झाले, पण स्पष्ट होईनात. तेव्हां तो म्हणाला, "आबा, दोष शब्दांत नाहीं. खालीं गर्दी झाली आहे."

ही गर्दी कसली, तें त्यानें मला पडद्यावर दाखविलें. माणसाचा कान सेकंदास सुमारें २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत तळाचा तुकडा केवढा चिंचोळा आहे पाहा. बेसगिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास ४१ वेळां हलते. ड्रमवाला पायानें जो मोठा ढोल ठोकतो, त्याचा घुमारा बहुधा ५० ते १०० च्या मध्यें कोठें तरी असतो. साध्या गिटारीची जाड तार ८२ ला लागते. पुरुषाचा बोलण्याचा स्वर शंभराच्या अलीकडेपलीकडे असतो. आणि माझ्या पखवाजाची डावी पुडी, जिला आम्ही धुम म्हणतों, ती पडद्यावर ७८ ला उभी राहिलेली दिसली. म्हणजे चार दांडगे पाहुणे एकाच बाजेवर बसावयास आलेले! वरच्या प्रदेशांत टाळ, झांज, व्यंजनांचे उच्चार, यांस ऐसपैस जागा पडलेली; खालीं मात्र पाय ठेवावयास ठिकाण नाहीं. यांत आणखी एक निसर्गाची खोड आहे. जड आवाज आपल्याहून वरच्या आवाजास झांकून टाकतो. वरचा आवाज खालच्यास तितका झांकीत नाहीं. म्हणून तळाशीं गर्दी झाली कीं तिची शिक्षा वरच्या शब्दांस भोगावी लागते.

मला वाटलें होतें कीं ही अडचण या मुलांच्या अनाडीपणाची असेल. पण ती ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनची आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां मुद्रणांत वीज नव्हती; कर्ण्यापुढें तोंड करून गावें लागे, आणि कर्ण्यांतून सेकंदास दोनअडीचशें कंपनांच्या खालचें फारसें आंत उतरतच नसे. पाश्चात्त्य वादक मंडळींत तर मोठें तंतुवाद्य तबकडीवर उमटत नाहीं म्हणून त्याच्या जागीं पितळी भोंगा बसवीत. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोननें मुद्रण सुरू झालें आणि खर्जास प्रथम दार उघडलें. तरी तबकडीची एक अडचण राहिलीच. खालचा स्वर जोरांत असला कीं खांच इतकी वांकडीतिकडी होते कीं सुई उडते. म्हणून कोरतांना खर्ज मुद्दाम कमी करावयाचा आणि वाजवितांना यंत्रानें तितकाच परत वाढवावयाचा, अशी तोड काढली गेली. तिचें प्रमाण अमेरिकेंत १९५४ सालीं सर्वांसाठीं एक ठरलें. आपल्या घरांतून ज्या मोठ्या काळ्या तबकड्या होत्या, त्यांतला खर्ज असा मोडून घालून ठेवलेला असे आणि ग्रामोफोन तो पुन्हां उलगडून दाखवी.

ज्या वाद्यावरून आमच्या घरांत रामायण झालें, तें बेसगिटार कॅलिफोर्नियांतल्या लिओ फेंडर नांवाच्या गृहस्थानें १९५१ सालीं बाजारांत आणलें. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, हें कळल्यापासून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. त्यापूर्वीं खर्ज धरणारास माणसाहून उंच वाद्य पाठीवर वाहावें लागे. पुढें इंग्लंडच्या बीटल्स मंडळींस आपल्या तबकड्यांत हा खर्ज पुरेसा ऐकूं येईना. १९६६ सालच्या 'पेपरबॅक रायटर' या गाण्याच्या वेळीं त्यांच्या ध्वनिमुद्रकानें एक मोठा लाउडस्पीकरच उलटा मायक्रोफोन म्हणून बेसगिटारीपुढें मांडला. लाउडस्पीकरचा पडदा मोठा, त्यामुळें खालच्या लाटा तो बरोबर पकडतो. उलट प्रकारहि घडलेला आहे. मेटॅलिका नांवाच्या अमेरिकन वृंदाचा बेसवादक १९८६ सालीं स्वीडनमध्यें मोटार-अपघातांत गेला. त्याच्या जागीं नवा मुलगा आला, आणि १९८८ सालीं निघालेल्या त्यांच्या पुढच्या संचांत त्या नव्या मुलाचें वाद्य जवळजवळ ऐकूंच येत नाहीं. लाखों लोकांनीं तो संच घेतला आणि आजतागायत लोक विचारीत आहेत कीं त्याची गिटार कोठें गेली. नातवानें तो मला ऐकविला. मीं कान देऊन पाहिलें. गिटारी करवतीसारख्या चालल्या आहेत, ढोल टकटक वाजतो आहे, आणि खालीं कोणी नाहीं. मला त्या नव्या मुलाची फार कींव आली. तोहि रात्रंदिवस बसून वाजवीत असेल.

आपल्याकडे मुंबईस १९८६ पासून धोबीतलावाजवळच्या रंगभवनांत या संगीताचा 'इंडिपेंडन्स रॉक' नांवाचा मोठा मेळा भरूं लागला. उघड्या मैदानांत खर्जाची एक सोय असते, तो निघून जातो. घरांत मात्र तो कोंडला जातो, आणि आमचें पहिलें भांडण त्यावरूनच झालें.

आमचें घर जुनें, धाब्याचें. ज्या खोलींत आम्ही बसत होतों ती १२ फूट लांब, १० फूट रुंद. नातू भिंतीशीं टेबल लावून बसला होता, मी मधोमध बाजेवर. तो म्हणे खर्ज फार झाला, मी म्हणें मुळींच नाहीं. पुष्कळ वेळ हुज्जत चालली. शेवटीं पाणी प्यावयास म्हणून मी उठलों, कोपऱ्यांतल्या माठाशीं गेलों, आणि तेथें गिटार एवढी घुमूं लागली कीं मी थबकलों. परत बाजेवर येऊन बसलों तों ती नाहींशी! दोघेहि खरेंच बोलत होतों.

याचें कारण गणिताचें आहे आणि मास्तर असल्यामुळें मला तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आवाज हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. त्यास ४१ नीं भागा. जाड तारेच्या एका लाटेची लांबी सव्वाआठ मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें २७ फूट भरते. टाळेच्या किणकिणाटाची लाट बोटाएवढी, आणि ही खोलीच्या दुपटीहून लांब. अशा लांब लाटा भिंतीवर आपटून परत फिरतात आणि येणारीजाणारी एकमेकींत मिसळून कांहीं ठिकाणीं दुणावतात, कांहीं ठिकाणीं मिटून जातात. १२ फूट खोलींत सेकंदास ४७ कंपनांच्या आसपासचा स्वर भिंतींशीं भरगच्च असतो आणि बरोबर मध्यावर पोकळी पडते. लेण्यांमध्यें मीं शाळेच्या सहली पुष्कळ नेल्या आहेत. तेथें दगड आवाज पीत नाहीं, म्हणून मुलांची कुजबूज लांबट होऊन फिरते, आणि मोठ्या दालनांत जाड आवाजाचा माणूस बोलूं लागला तर त्याचें एक वाक्य संपण्यापूर्वीं दुसरें त्यावर चढतें. पहिल्या लेण्यांतल्या नृत्याच्या चित्रांत बासऱ्या, टाळ आणि चर्मवाद्यें वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या एका वेळीं खरोखर अशा दालनांत वाजवूं लागल्या असत्या तर चर्मवाद्यवालीस हात आंखडता घ्यावा लागला असता, असें मला आतां तें चित्र आठवून वाटतें.

आमच्या खोलीवर उपाय निघाला तो कापसाचा. दिवाळीच्या दिवसांत कपाशीची वेचणी चाललेली असते. त्या वर्षीं भाव मनासारखा नव्हता म्हणून माझ्या धाकट्या भावानें कापूस न विकतां शेजारच्या खोलींत भरून ठेवला होता. तीन बाजूंस छातीएवढा ढीग. नातू कांहीं आणावयास तेथें गेला, सहज टाळी वाजविली, आणि ओरडला, "आबा, येथें या!" त्या खोलींत टाळी जागच्या जागीं विझत होती. कांहीं फूट जाडीचा मोकळा कापूस, तोहि भिंतींस आणि कोपऱ्यांस लागून. खालच्या लाटांचा जोर जिरवावयास याहून चांगली वस्तु नाहीं. शहरांतल्या स्टुडिओंत याच कामासाठीं कोपऱ्यांतून जाडजूड तक्के उभे करतात. आम्हीं तेथें टेबल हलविलें. सगळ्यांच्या नाकांत तंतु गेले, पण खर्ज पुष्कळसा सारखा झाला आणि हुज्जत थांबली. भावानें मात्र बजावलें कीं सिगारेट ओढणारा मित्र आणूं नका.

दुसरा घोळ मायक्रोफोनचा झाला. पखवाजास दोन तोंडें, म्हणून नातवानें दोहों बाजूंस एकेक मायक्रोफोन लाविला होता. डाव्या बाजूचा एकटा ऐकला तर धुम भरदार. उजव्या बाजूचा एकटा ऐकला तरी मागून धुम येतेच. आणि दोन्ही मिळून ऐकले कीं ती बारीक होऊन जाई. एक आणि एक मिळून अर्धा! मीं विचार केला. डाव्या पुडीवर थाप पडली कीं ती आंत दबते. आंतली हवा उजव्या पुडीस बाहेर ढकलते. म्हणजे डावा मायक्रोफोन 'पुडी लांब गेली' म्हणून सांगतो आणि त्याच क्षणीं उजवा 'पुडी जवळ आली' म्हणून सांगतो. दोन साक्षीदार एकमेकांचें खोडून काढतात. मीं हें सांगतांच नातवानें कपाळावर हात मारला आणि एक बटण दाबलें. त्या बटणानें एका मायक्रोफोनची लाट उलटी होते, वरचें खालीं आणि खालचें वर. धुम जागेवर आली. इंजिनियरिंगच्या मुलास पखवाजाच्या पोटांतली हवा दिसली नव्हती, याचें मला थोडें समाधान वाटलें, तें मी लपविलें नाहीं.

त्याच दिवशीं सायंकाळीं मीं आणखी एक दुरुस्ती केली. गाणें पांढरी तीनमध्यें होतें आणि गिटारीची जाड तार ८२ ला. माझी धुम ७८ ला. दोन जवळचे स्वर एकत्र लागले कीं त्यांच्या फरकाइतके हेलकावे पडतात, येथें सेकंदास चार. म्हणून दर थापेस तळ डुगडुगत होता. नातू पडद्यावर कांहीं खटपट करूं लागला. मीं म्हटलें, "थांब." डाव्या पुडीवर आपण भिजविलेली कणीक लावतों ती पुडी जड करण्यासाठींच. जड झाली कीं ती सावकाश हलते आणि स्वर उतरतो. कणीक वाळली कीं स्वर चढतो. उजव्या पुडीवरची शाई कायमची असते. त्या शाईमुळेंच आपल्या चर्मवाद्यांस खरा स्वर कसा येतो, हें चंद्रशेखर रामन यांनीं १९२० सालीं 'नेचर' पत्रांत आणि पुढें १९३४ सालीं विस्तारानें दाखविलें. डावीकडचें काम मात्र रोज ज्यानें त्यानें हातानें करावयाचें. मीं चिमूटभर कणीक काढली, पुन्हां वाजवून पाहिलें, आणखी थोडी काढली, हेलकावे गेले. आम्हीं पखवाज पुन्हां पहिल्यापासून टिपला.

एवढें झाल्यावर मी समजलों कीं आतां काम फत्ते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवानें चहाच्या वेळीं गाणें लाविलें. शब्द स्पष्ट. ढोल, गिटार, सारें वेगवेगळें. फार सुरेख. आणि पखवाज? उजव्या हाताची 'ता' आणि 'ना' लखलखीत, पण डावा हात नाहीं. थाप पडल्याची नुसती चाहूल, घुमारा कापलेला. मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. मग म्हणालों, "बाळ, माझा डावा हातच काढून टाकलास कीं रे."

तो वरमला. पण त्यानें हटून सांगितलें, आणि तें मी येथें जसेंच्या तसें देतों, कारण कामाचा मुद्दा त्यांत आहे. "आबा, तळाशीं एका वेळीं दोघांनाच जागा आहे. ढोलाचा ठोका साठाशीं बसविला. माझी गिटार त्याच्या वर ठेविली, आणि ठोका पडतो तेव्हां गिटार क्षणभर आपोआप दबेल असें केलें. दोन्ही साध्या गिटारींचा शंभराखालचा भाग काढून टाकला; तो त्यांस लागतच नाहीं. दोनशें ते चारशेंपर्यंतचा गढूळपणा सगळ्यांतूनच थोडा उपसला. आतां तुमची धुम मोकळी सोडली तर ती या दोघांवर बसते."

मी रागावलों होतों. दुपारीं जेवलों नाहीं, प्रकृतीचें निमित्त सांगितलें. खरें पाहतां त्याचें म्हणणें आमच्याच बैठकीचा नियम होता. गाणारा अभंगाचे शब्द घेतो तेव्हां पखवाजवाला मोकळी धुम सोडीत नाहीं, हात दाबून ठेका धरतो. घुमारा सोडावयाचा तो गजराच्या वेळीं. हें मीं स्वतः नव्या मुलांस शिकविलेलें आहे. पण स्वतःचा हात आपण होऊन दाबणें निराळें आणि दुसऱ्यानें बटणानें कापणें निराळें. आणि त्या हातास कंप सुटलेला, हें त्याला ठाऊक नव्हतें.

त्याच आठवड्यांत मी जिल्ह्याच्या गांवीं कान तपासावयास गेलों होतों. घरच्यांची तक्रार होती कीं मला स्वयंपाकघरांतली हांक ऐकूं येत नाहीं. डॉक्टरांनीं आलेख काढून दिला. सेकंदास हजार कंपनांपर्यंत माझा कान ठीक. चार हजारांच्या पुढें उतार लागलेला. वय झालें कीं वरचे स्वर आधीं जातात, खालचे राहतात. घरीं येऊन तो कागद नातवास दाखविला तेव्हां तो म्हणाला, "म्हणूनच तुम्ही सारखें 'झांज वाढव, शब्दांना धार दे' म्हणत होतां." मीं सांगितल्याप्रमाणें त्यानें केलें असतें तर तें गाणें तरुण कानांस टोंचलें असतें. मी खजील झालों. पण तो पुढें असेंहि म्हणाला, कीं "खर्जापुरता तुमचा कान आमच्या कोणाहि इतकाच चांगला आहे. तेवढा तुम्हींच ऐका." तेव्हांपासून त्या घरांत कामाची वांटणी झाली, हजारांच्या खालीं मी, वर तो.

मग आणखी एक पथ्य कळलें. अमेरिकेंतील फ्लेचर व मन्सन या संशोधकांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं आवाज लहान असतांना आपला कान खर्जास फार कमी ऐकतो, मोठा झाला कीं खर्ज भराभर वर येतो. म्हणून रात्रीं, घरचे निजले असतां, हळू आवाजांत तोल साधला तर खर्ज नकळत जास्त घातला जातो आणि सकाळीं मोठ्यानें लावतांच घर हादरतें. उलट कानठळ्या बसवून तोल साधला तर दुसऱ्या दिवशीं गाणें पोकळ वाटतें. आम्हीं मग आवाजाचा एकच मध्यम आंकडा ठरवून तेथें खूण केली आणि अर्ध्या तासावर एकदां कान निववावयास अंगणांत जाऊं लागलों.

कानाच्या याच स्वभावाचा एक भलताच परिणाम आपण मिरवणुकींत भोगतों. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण मोजावयाचें यंत्र कानाच्या स्वभावाप्रमाणें बेतलेलें. तें ५० कंपनांच्या स्वरांतून सुमारें ३० डेसिबल वजा धरून मोजतें. हळू आवाजापुरता हा हिशेब ठीक. डीजेच्या गाडीवरच्या पेट्या जेव्हां खिडक्यांचीं तावदानें खडखडवितात, तेव्हां छातीवर जो मार बसतो त्यांतला मोठा हिस्सा यंत्राच्या आंकड्यांत येतच नाहीं. तक्रार घेऊन गेलेल्या गृहस्थांनीं हें ध्यानांत ठेवावें. असो.

बहुतेक लोक गाणीं ऐकतात तीं मोबाइलवर. त्याचा लाउडस्पीकर नखाएवढा; त्यांतून ४१ कंपनांचा स्वर निघणें शक्यच नाहीं. मग गिटारवाल्यानें करावें काय? येथें निसर्गानें कृपा केली आहे. प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वर असतात. मूळ स्वर काढून टाकला आणि हे राहूं दिले, तरी मन तळाचा स्वर आपण होऊन भरून घेतें. जुन्या टेलिफोनमधून ३०० च्या खालचें कांहींच येत नसे, तरी पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटे. तो याच कारणानें. म्हणून नातवानें आपल्या गिटारीस किंचित् खरखर लाविली, कीं उपस्वर ठळक व्हावे. मग आम्हीं तें गाणें मोबाइलवर ऐकलें, आणि शेंदुर्णीस जातांना ओळखीच्या जीपगाडींत ऐकलें. जीपमध्यें इंजिनचाच खर्ज एवढा कीं त्याच्यापुढें सगळे सारखे.

तिकडून येतांना तो म्हणाला, "आबा, दुसऱ्या कडव्यानंतर आम्ही चौघे थांबतों. ढोलहि नाहीं, गिटारहि नाहीं. आठ आवर्तनें तुम्हीं एकट्यानें वाजवा. तेथें तळ सगळा तुमचा." मीं विचारलें, "आणि बाकी गाण्यांत?" "बाकी गाण्यांत उजवा हात." मी जीपच्या खिडकींतून वेताळवाडीच्या किल्ल्याकडे पाहात बसलों. थोड्या वेळानें हो म्हटलें.

त्या रात्रीं कापसाच्या खोलींत मी ती आठ आवर्तनें वाजविलीं. पांच वेळां टिपलें. तीन वेळां कंप पडद्यावर दिसला; धुमेचा घुमारा लागल्यानंतर जी रेषा सरळ उतरावयास पाहिजे तीस बारीक दांते पडले होते. नातवानें तें पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं विचारलें नाहीं. पांचवी खेप त्यानें घेतली. सहाव्या आवर्तनांत एक दांता तींतहि आहे. तो काढून टाकतां येतो म्हणाला. मीं राहूं दे म्हटलें.

पुढें पौषांत भाव थोडा वर आला आणि भावानें कापूस विकला. परवां नातू दोन दिवसांसाठीं आला होता. रिकाम्या खोलींत त्यानें तेंच गाणें लाविलें, तों खर्ज पुन्हां कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला. "आतां येथें कांहीं ठरवितां यावयाचें नाहीं," असें म्हणून त्यानें लॅपटॉप मिटला. गाणें अद्याप पुरें व्हावयाचें आहे. गाणाराचे शब्द ते पुन्हां एकदां टिपणार आहेत. नवी वेचणी सुरू झाली कीं कळवा, असें तो जातांना माझ्या भावास सांगून गेला.